काचेचं कौल काढू नका, त्या मेसेजमध्ये बरंच चुकीचं आहे

कोकणातल्या कौलारू घरांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की उजेडासाठी छपरात बसवलेलं काचेचं कौल काढून टाका, त्याने घर तापतं आणि गळतं, त्यापेक्षा माजघराला पांढरा ऑइल पेंट मारा, मोठा आरसा लावा आणि 6500 वाली ट्यूब लावा, लख्ख होईल. आमच्या वाडीत दोन घरांनी कौलं काढलीसुद्धा, म्हणून लिहितेय.

तापतं म्हणे. अहो हिशोब करा ना, चौरस मीटरला साधारण 15 मंगलोरी कौलं बसतात आणि भर दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास, म्हणजे एका कौलातून फार तर 65 वॅट, जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, तीही ऊन थेट पडतंय तेवढाच वेळ. ओळीने दहा लावलीत तर तापेलच, पण एका खोलीला दोन-तीन पुरतात, आणि ती उत्तरेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर लावा, तिकडे वर्षातले बरेच महिने ऊन तिरकं पडतं.

गळतं ते काचेमुळे नाही, वेगळ्या साच्याचं कौल आणून बसवलं की खाचा एकमेकांत बसत नाहीत म्हणून. जुनं कौल सोबत नेऊन जुळवून घ्या, आणि शाकारणीच्या, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायच्या वेळी त्यावरचं शेवाळ, काजळी धुवा. प्लास्टिकचं घेऊ नका, उन्हाने पिवळं पडतं.

रंगाचं म्हणाल तर पांढरी भिंत आलेला उजेड परत फेकते, मुळात आत काही यायला तर हवं. आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीला ऑइल पेंट नकोच, ओल आत कोंडते नि पोपडे सुटतात, चुना मारा. आरसा लावायच्या जागी आधी उभं राहून बघा, तिथून आभाळ दिसतंय का, नसेल तर पैसे वाया.

6500 हा तर उजेडाचा आकडाच नाही, तो रंग झाला, निळसर पांढरा. उजेड किती ते खोक्यावर लुमेनमध्ये लिहिलेलं असतं, ते बघा.

एक अडचण मात्र खरी आहे, माजघरावर माळा असेल तर कौलाचा उजेड माळ्यावरच राहतो. आमच्याकडे कौलाच्या बरोबर खाली माळ्याच्या दोन फळ्या काढून जाड काच बसवली, वर कोणी पाय देऊ नये म्हणून कठडा केला, आता दुपारी दिवा न लावता तिथे तांदूळ निवडता येतात.