खेचराचा थाट आणि माझी मधली सीट

बग्गीत बसायचा हट्ट बाबांचा होता, हे आधीच सांगून ठेवतो. शार्लटहून साडेतीन तास गाडी हाकत आम्ही सहा जण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला पोचलो. पार्किंगबद्दल मी काही बोलणार नाही.

आईला रेनबो रो बघायची होती. ओळीने 13 रंगीत घरं. मावशीच्या जावेने ग्रुपवर फोटो टाकला होता, त्यामुळे सुटका नव्हतीच. पण इथे बग्गी कुठल्या भागात जाणार हे ना आपण ठरवत, ना गाडीवान. मार्केटजवळ पालिकेची एक टपरी आहे. तिथल्या यंत्रातून हाऊजीसारखा बॉल पडतो आणि त्यावर रस्ता ठरतो. सगळ्या बग्ग्या एकाच गल्लीत शिरू नयेत म्हणून. आमचा बॉल पडला आणि रेनबो रो हुकली. सहा जणांचे तीनशेच्या घरातले डॉलर मात्र बॉलच्या आधीच पडले होते.

तेही सोसलं असतं. पण बग्गी हलणार तोच गाडीवान मागे वळला आणि माइकवरून अगदी लाडात म्हणाला, "निळा शर्टवाले सर, तुम्ही जरा मधल्या बाकावर, मधोमध बसता का? वजन एका बाजूला गेलेलं आमच्या पीटला आवडत नाही."

पीट म्हणजे खेचर. बग्गीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी लोकांच्या गुडघ्यांवरून उड्या घेत मधोमध जाऊन बसलो. बायको खिडकी नसलेल्या बग्गीत खिडकीबाहेर बघत होती.

"बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले. "नाहीतर उलाळ होते, गाडी मागे कलते."

"बाबा, उलाळ टांगा होतो. हिला चार चाकं आहेत."

"जनावराला चाकं मोजता येतात का?"

मिरज स्टेशनबाहेर टांग्यात मागे कोण बसायचं आणि पुढे कोण, हे त्यांनी शेजारच्या गोऱ्या आजोबांना हातवारे करून मराठीत समजावलं. दर वाक्याला ते माझ्याकडे बोट दाखवत होते. आजोबांना सगळं समजलं.

मग बाबांनी पीटची चौकशी सुरू केली आणि मी दुभाषा झालो. हरभरा देता का? नाल कितव्या दिवशी बदलता? गाडीवान खुलला. पीट आधी अमिश लोकांच्या, म्हणजे अजून जनावरं जुंपून शेती करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, शेतावर होता, त्याला सफरचंद आवडतं, फेरी संपली की त्याचा ताप मोजतात. पारा 95 फॅरनहाइटला गेला की पालिकेच्या नियमाने बग्ग्या बंद. आमचं घर बदललं त्या दिवशी 97 होतं. सोफा मी उचलला होता.

1670 साली वसलेलं गाव, 1861 साली इथल्याच बंदरात फोर्ट सम्टरवर यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली, 1886 च्या भूकंपानंतर भिंती आवळायला घातलेल्या लोखंडी सळयांची टोकं अजून बाहेर दिसतात. हे सगळं गाडीवानाने चार मिनिटांत उरकलं. एका हवेलीपाशी तो म्हणाला, "हा भाताचा आणि निळीचा पैसा." बाबांनी विचारायला लावलं, "लावणी कोण करायचं?" "गुलाम," तो म्हणाला आणि पुन्हा सफरचंदावर आला. गॅड्सडेनच्या धक्क्यावर जहाजं भरभरून माणसं उतरवली, त्या गावात पीटच्या आहाराला दहा मिनिटं आणि त्यांना एक शब्द. तेव्हा मी गप्प बसलो, मधोमध.

इतक्यात पीट थांबला आणि त्याने भर रस्त्यात धार सोडली. गाडीवानाने तिथे एक झेंडी टाकली. पालिकेची गाडी येते, रस्ता धुते, वर वासाचं औषध मारते. आम्ही वळेपर्यंत आलीसुद्धा.

हे बघून धाकट्याला लागली. उतरल्यावर चार दुकानं फिरलो. सगळीकडे एकच पाटी, स्वच्छतागृह फक्त गिऱ्हाइकांसाठी. शेवटी सहा लिंबू सरबतं घेतली तेव्हा किल्ली मिळाली. सरबतं संपल्यावर बाकीच्या पाच जणांना लागली.

रेनबो रो शेवटी चालतच पाहिली. दोन घरांपुढे सामानाचा ट्रक उभा होता, म्हणून फोटोत 11 आली. आईने तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बग्गीतून."