'पोरखेळ' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सर, कर्नाळा अभयारण्यात मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप कसं वापरावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "असल्या पोरखेळाने माणसाचे कान बहिरे होतात. लोक रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्यांना छळतात, जंगलात मोबाइलबंदीच हवी. आणि फोटोखाली तांबट लिहिलंय, तो कुटुर्गा आहे."

शेवटचं आधी. तो कुटुर्गाच आहे. ओळ दुरुस्त केली, आभार.

पण 'पोरखेळ' कशासाठी? बावीस वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतोय मी. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत नव्हे.

कान बहिरे होतात म्हणता. मर्लिन नुसतं नाव सांगत नाही, आवाजाचं चित्र काढतं. स्वर जितका उंच, तितकी खूण वर. तांबटाचं टुक-टुक म्हणजे एकाच उंचीवर, सारख्या अंतरावर पडलेले ठिपके. नवरंगाची शीळ म्हणजे दोन तुकडे, पहिला चढणारा, दुसरा घसरणारा. हे चित्र आठ-दहा वेळा नीट पाहिलं की फोन खिशात असतानाही कानाला चढ-उतार कळायला लागतो. याला बहिरं होणं म्हणतात?

अ‍ॅप फसतं, हे मी लेखातच लिहिलंय. तुम्ही तिथवर वाचलंत का, शंका येते. कर्नाळ्यात तर ते हमखास फसतं, कारण भृंगराज पक्का नकलाकार. फांदीवर तो एकटा, आणि यादीत शिक्रा, हळद्या अशी नावं उमटतात. शिवाय मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. भारद्वाजाचा खालच्या पट्टीतला हूप-हूप गाड्यांच्या घरघरीत बुडतो आणि अ‍ॅप त्याला गाळून टाकतं. वाऱ्यात किंवा ओढ्याकाठी तर रेकॉर्डिंगच करू नये.

म्हणून क्रम दिला होता. घरूनच भारताचा पक्षीसंच उतरवून घ्या, मग जंगलात नेटवर्कची गरज पडत नाही. पोचल्यावर दोन मिनिटं फोन न काढता ऐका आणि आपला अंदाज वहीत लिहा. मग मिनिटभर रेकॉर्ड करा. माइक बहुतेक फोनना खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड आवाजाकडे करा, त्यावर बोट येऊ देऊ नका, शर्टाला घासू देऊ नका. नाव उमटलं की वहीशी ताडून बघा. दोन्ही जुळली नाहीत तर दुर्बिणीने शोधा. पक्षी दिसला नाही आणि आवाजाची स्वतःला खात्री नसेल, तर फक्त अ‍ॅपच्या भरवशावर ईबर्डच्या, म्हणजे पक्षीनिरीक्षणांच्या ऑनलाइन नोंदवहीच्या, यादीत नाव घालू नका.

यात कान कुठे वगळलाय, दाखवा.

रेकॉर्डिंग वाजवणाऱ्यांचा विषय वेगळा आहे. मी वाजवायला सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याचं उत्तर मी देणं लागत नाही. मोबाइलबंदीची मागणी वनखात्याकडे करा.

पुढच्या वेळी लेखातल्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवा, कुटुर्ग्यासारखी तीही त्याच दिवशी बदलेन. 'पोरखेळ' मात्र पुन्हा आला, तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.