तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: डाव्या दरवाजावरचा तो दाणा

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दसऱ्याला घेतलेली नवी गाडी, घरात आनंद, आणि त्यात आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाडी पॉलिश-कोटिंगच्या गाळ्यात तुम्हाला रात्री नऊपर्यंत ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. वहिनींनाही सांगा.

आता इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. तुम्ही लिहिलंय की नवी गाडी सिरॅमिक कोटिंगला (पेंटवर चढवायचा पारदर्शक, संरक्षक थर) दिली, तर आम्ही ती घासून पेंट पातळ केला, केमिकल मारून रंग उतरवला, ठरल्यापेक्षा चार हजार जास्त घेतले, पाचची वेळ देऊन नऊला गाडी दिली आणि एवढं करून मागच्या डाव्या दरवाजावरचा दाणा, म्हणजे पेंटमध्ये अडकलेला बारीक कण, तसाच ठेवला. शेवटी "वागळे इस्टेटला जाऊ नका, लुबाडतात." हे शेवटचं वाक्य आमच्या पोरांनी माझ्याआधी वाचलं होतं.

रंग उतरला म्हणता तो उतरलेला नाही. तुम्ही काचेतून बघत होतात तेव्हा गाडीवरून जांभळं पाणी ओघळत होतं आणि गाडी गडद निळी, त्यामुळे गैरसमज झाला असेल, मान्य. पण ते लोखंडाचे कण विरघळवणारं लिक्विड आहे. लोखंडाला लागलं की ते जांभळं होतं, पांढऱ्या गाडीवरही जांभळंच. नव्या गाडीवर लोखंड कुठून आलं, असं तुम्ही विचारलंत. गाडी कारखान्यातून ट्रेलरवर नाहीतर रेल्वेने येते, मग स्टॉकयार्डात उघड्यावर उभी असते. ब्रेकची धूळ, रुळांची धूळ, कटिंग-वेल्डिंगच्या ठिणग्या, सगळं अंगावर बसतं. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला मेट्रोच्या कामाची धूळ मी काय सांगायची. हे कण न काढता वर कोटिंग केलं तर ते आतच कोंडले जातात, आणि मग तुम्ही मला हा एक स्टारही दिला नसता.

चार हजारांचं म्हणाल तर आधी सांगितलेला भाव धुऊन थेट कोटिंग करायचा होता. गाडी लाइटखाली घेतली तर सगळीकडे गोल गोल ओरखडे. हे कारखान्याचे नव्हेत, शोरूमचे. दसऱ्याच्या आदल्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग असते आणि एकाच फडक्याने एकामागून एक गाडी पुसली जाते. कोटिंग ओरखडे झाकत नाही, उलट चकाकीत ते जास्त उठून दिसतात. म्हणून फोन करून पॉलिशचं विचारलं, तुम्ही "करून टाका" म्हणालात. सणाची गडबड होती, विसरला असाल. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक उन्हात वाळून बसलं होतं, त्याची कड अजून पुसट दिसत होती, तीही काढली. त्याचे पैसे लावले नाहीत. शुभ गोष्टीचे काय लावायचे.

आता दाणा. एवढ्याचसाठी खरं तर मी लिहायला बसलो.

साहेब, "पेंट पातळ केला" आणि "दाणा काढला नाही" या दोन तक्रारी तुम्ही एकाच रिव्ह्यूत लिहिल्यात. दाणा घासूनच निघतो. घासला तर पेंट पातळ केला म्हणून एक स्टार, नाही घासला तर दाणा ठेवला म्हणून एक स्टार, मग मी करायचं काय?

कारखान्यात पत्र्यावर सगळ्यात आधी गंजापासून वाचवणारा थर चढतो, अख्खी बॉडी टाकीत बुडवून. मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ४० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे गाडीला वर्षानुवर्षं उन्हापासून वाचवणारा थर केसाहूनही पातळ. हलक्या पॉलिशने त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो. तेवढाच गेला आहे. तुमच्या दरवाजावर पेंटची जाडी मोजणारा मीटर ११० दाखवत होता, काम करण्याआधीचा आणि नंतरचा दोन्ही फोटो आहेत.

दाणा म्हणजे ओल्या पेंटवर बसलेली धूळ किंवा धागा, भट्टीत जाण्याआधी. कारखान्यातसुद्धा लाइनच्या शेवटी झगमगीत दिव्यांखाली माणसं हेच शोधायला उभी असतात, सापडलेला दाणा घासून पॉलिश करतात, तरी काही सुटतात. तुमच्या पुण्याच्या मेहुण्यांनी फोनवर मला ऐकवलं की नव्या गाडीत असं असूच शकत नाही. असतं. त्यांच्या गाडीतही असेल, फक्त ती पांढरी असल्यामुळे दिसत नसेल.

धूळ क्लिअर कोटमध्ये वरच्या वर असेल तर नखाला लागते. अशी ३००० नंबरचा बारीक घासपेपर पाण्याने हलकेच मारून काढता येते. बॉनेटवरचे दाणे तसेच काढले, त्यांचा तुमच्या रिव्ह्यूत उल्लेख नाही. दरवाजावरचा दाणा मात्र नखाला लागतच नव्हता. मी बोट फिरवून बघितलं, माझ्या पेंटरने बघितलं, तुमचंही बोट तिथे फिरवलं. तो खाली, बेस कोटमध्ये आहे. तिथवर पोचायचं तर वरचा क्लिअर कोट पार करावा लागतो. मीटर सगळ्या थरांची मिळून एकच जाडी सांगतो, क्लिअर किती उरला ते सांगत नाही. अंदाज चुकला की मेटॅलिक रंग उघडा पडतो आणि तांदळाएवढ्या दाण्याच्या जागी रुपयाएवढा डाग होतो. मग अख्खा दरवाजा नव्याने रंगवायचा. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. आपल्याकडे येणाऱ्या पूर्ण जोडून झालेल्या गाडीत वायरिंग आहे, प्लॅस्टिक आहे, सीट आहेत, म्हणून पेंट बूथमध्ये ६०-७० अंशांच्या वर फारसं जात नाही. पेंटर कितीही कसबी असो, तो पेंट तसा होत नाही. पुढे विकताना घेणारा मीटर लावतो, एकाच दरवाजावर २०० च्या वर आकडा आला की विचारतो, अॅक्सिडेंट कधी झाला? तुम्ही काय सांगणार, दाणा होता?

दुसरं कारणही मी तेव्हाच सांगितलं होतं. दाणा कारखान्याचा आहे, त्याचं उत्तर कंपनीने आणि शोरूमने द्यायचं आहे. मी त्यावर पेपर मारला असता तर त्यांनी "बाहेर काम करून घेतलंय" म्हणून हात वर केले असते. गाडी अजून नवी आहे, दिवसाच्या उजेडात फोटो काढून शोरूमला मेल टाका, फोनवर बोलू नका. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे इथे ठाण्यातच, तक्रार करता येते. हे सगळं लुबाडणारा माणूस सांगत बसत नाही.

उशिराबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून लिहितो. साडेतीनला गाडी तयार होत आली होती. कोटिंग ओलं असताना आपल्या चिरंजीवांनी उजव्या बाजूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट ओढलं. लहान आहे, मी काही बोललो नाही, उलट पोरांनी त्याला बिस्किटं दिली. पण ते दोन्ही दरवाजे पुन्हा पॉलिश करून पुन्हा कोट करावे लागले, आणि ते वाळायला वेळ घेतंच. त्यानंतर तुम्ही मोबाईलची टॉर्च लावून अर्धा तास गाडी तपासलीत. तपासा, तुमचा हक्क आहे. मात्र टॉर्च इतक्या जवळून लावली तर माझ्या चष्म्यावरही ओरखडे दिसतील.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. आमचं रेटिंग ४.८ होतं, आता ४.६ दिसतंय. मोठ्या दुकानाला त्याने फरक पडत नसेल, आमचा गाळा भाड्याचा आहे, मशिनचे हप्ते आहेत आणि दिवाळीला पोरांना बोनस द्यायचाय. या आठवड्यात दोघांनी फोन करून बुकिंग रद्द केलं, कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तुमच्या सूचना ऐकल्या आहेत. यापुढे भाव आणि कामाचं सगळं आधीच नीट लिहून देण्याचा विचार आहे, बसायच्या जागेचंही काहीतरी करतो.

मीटरच्या रीडिंगचे फोटो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर परत पाठवले आहेत, शोरूमच्या मेलला तेच जोडा. कोटिंगचा पहिला वॉश आमच्याकडे फुकट असतो, तो तुमचाही आहे, रिव्ह्यू काहीही असो. सोमवारी गाळा बंद, बाकी दिवशी सकाळी अकराच्या आत आलात तर लगेच घेतो.