खाली थेंब दिसला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑइल टपकलं की मागचं मेन सील (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जिथे मागे बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारं कडं) गेलं समजा, गिअरबॉक्स उतरवा. तोवर जाड ऑइल आणि लीक-स्टॉपर (गळती थांबवण्यासाठी ऑइलमध्ये घालायचं रसायन) ओतून चालवा. तसंही जुनी स्पोर्ट्स कार गळणारच!

मेन सीलचं आधी बोलू, कारण खिसा तिथेच रिकामा होतो. वर सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळतं, धावत्या गाडीखालचा वारा ते मागे ढकलतो आणि थेंब पडतो बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या कवचाच्या, तळाशी. 1989 साली आलेली पहिली माझदा एमएक्स-5च घ्या. तिच्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट किती फिरला ते सांगणारा) असतो. त्याची ओ-रिंग उष्णतेने कडक झाली की ऑइल थेट बेल हाउसिंगवर उतरतं. लक्षणं हुबेहूब मेन सीलची, बदलायचं मात्र एक रबरी कडं. (सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करा, नाहीतर इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललंच म्हणून समजा.)

म्हणून आधी इंजिन डीग्रीझरने धुऊन कोरडं करा, थोडं चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या: टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), सेन्सर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक. सगळ्यांत वरची ओली जागा हा पहिला संशयित. तरी सापडेना, तर ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून अंधारात यूव्ही टॉर्च मारा. ओघळ हिरवट-पिवळा चमकतो. थेंब बोटावर घेऊन हुंगाही. गंधकासारखा उग्र वास आला तर ते बहुधा गिअर ऑइल, म्हणजे इंजिनाची चौकशी उगाचच चालली होती.

आणि सील खरंच गेलेलं निघालं, तरी ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू बाहेर सोडणारी नळी आणि झडप) तपासल्याशिवाय नवं बसवू नका. ती वाट तुंबली की क्रँककेसमधला (क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीतला) दाब ऑइलला सीलवाटे बाहेर रेटतो, मग सील नवं असो की जुनं.

लीक-स्टॉपर रबर मऊ करून फुगवतो. कडक झालेल्या सीलला त्याचा काही काळ उपयोग होईलही, पण चिरलेल्या कॉर्क गॅस्केटपुढे तो काय करणार? जाड ऑइलने गळती मंदावल्यासारखी दिसते, पण थंड इंजिनात ते वर चढायलाही वेळ लावतं.

"गळणारच" यात थोडं तथ्य आहे. 1961 साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या इंजिनात मागचं सील दोरीचं होतं, तिथे थोडा ओलावा खपवून घेता येतो. पण ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल, तर तो आगीचा धोका आहे. गळती बंद होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.