‘घातक लहरी गाळणारा’ स्टिकर: चाळणी खरी, पण गाळणार काय?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. मोबाइलच्या पाठीवर रुपयाएवढा स्टिकर चिकटवा. त्यातली धातूची नक्षी घातक रेडिएशन गाळते आणि कामाचा सिग्नल जाऊ देते. रेंज जराही कमी होत नाही. अंतराळयानांत आणि पुलांच्या तपासणीत हेच तंत्र असतं म्हणे. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यात थोडं खरंही आहे, म्हणून लिहितोय.

अंतराळयानाचं खरं आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर ३.७ मीटर व्यासाची थाळी आहे. तिच्यासमोरचा छोटा परावर्तक ८.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी परतवतो आणि २.३ च्या आरपार जाऊ देतो. अशा नक्षीदार पृष्ठभागाला फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह सरफेस म्हणतात.

पण तिथे दोन लहरी मुळातच वेगळ्या आहेत. मोबाइलमध्ये ‘घातक’ आणि ‘कामाची’ अशा दोन लहरी नसतातच. तुमचं बोलणं ज्या ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्‌झवरून टॉवरकडे जातं, त्याच लहरीचा काही भाग डोक्यात शिरतो. चाळणी पिठातून कोंडा काढते. पिठातून पीठ कसं काढणार?

आता मापाचं बघू. नक्षीतला एकेक तुकडा साधारण अर्ध्या तरंगलांबीचा लागतो. ९०० मेगाहर्ट्‌झला तो साडेसोळा सेंटिमीटर भरतो, म्हणजे अख्ख्या फोनएवढा. नागमोडी वळवून तो लहान करता येतो, पण एकट्या तुकड्याने भागत नाही, असे पुष्कळ ओळीने मांडावे लागतात. मी एक स्टिकर आणून नखाने सोलला. वर सोनेरी छपाई, खाली प्लॅस्टिक, मग गोंद. मल्टिमीटरची टोकं सगळीकडे टेकवून पाहिली, एकदाही बीप झाला नाही, म्हणजे वीज वाहून नेणारा धातू कुठे सापडलाच नाही. आणि लावायचा कुठे, तर पाठीवर! बोलताना कानाला लागते ती फोनची पुढची बाजू.

‘रेंज कमी होत नाही’ हा तर दाव्याविरुद्धचाच पुरावा. रेंज पडली नाही, याचा सरळ अर्थ स्टिकरने काही अडवलं नाही. आणि खरंच अडवलं, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन आपली शक्ती वाढवतो. जुना जीएसएम फोन ९०० मेगाहर्ट्‌झवर २ वॅटपर्यंत जायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अशा अर्धवट कवचांबद्दल हाच इशारा दिलेला आहे.

राहिला पूल. अशी नक्षी ताण मोजायला वापरण्यावर संशोधन चालू आहे, पण तिथे ती काही गाळायला लावत नाहीत. १० गिगाहर्ट्‌झसाठी तुकडा सुमारे १५ मिलिमीटरचा असतो. खालचा पृष्ठभाग ताणला जाऊन तो हजारात एक भाग लांबला, तर अनुनादाची फ्रीक्वेन्सी, म्हणजे ज्या लहरीला तो सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती, साधारण १० मेगाहर्ट्‌झने खाली सरकते. बाहेरून लहर सोडून हे सरकणं टिपायचं. मापातला एवढासा फरक जिथे कळतो, तिथे कव्हर काढता-घालताना चुरगळणारा स्टिकर अचूक गाळेल म्हणे!

फोनची खरी मोजणी, म्हणजे शरीरात किती ऊर्जा शोषली जाते त्याचा आकडा (एसएआर), बघायची तर *#०७# डायल करा. भारतात त्याची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॅटची आहे आणि हा आकडा प्रयोगशाळेत, डोक्याच्या आकाराच्या द्रव भरलेल्या साच्यात मोजतात. माझ्या स्टिकरच्या पाकिटावर ‘९९ टक्के’ छापलंय. कशाचे, ते छापलेलं नाही.