वर्गातला वाय-फाय आणि फिरणारा मेसेज

सिडको-इंदिरानगरच्या पालक ग्रुपांवर फिरतंय: "वर्गातल्या वाय-फायने मुलांची स्मरणशक्ती जाते, डब्ल्यूएचओनं सिद्ध केलंय." असं काहीही सिद्ध झालेलं नाही. 2011 मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरी (वाय-फाय याच लहरींवर चालतं) '2बी' गटात टाकल्या. म्हणजे कर्करोगाची शक्यता, पण पुरावा तोकडा. ते वर्गीकरण कर्करोगापुरतंच, स्मरणशक्तीशी त्याचा संबंध नाही. (कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे.) राउटरची ताकद साधारण 0.1 वॉट, तोही भिंतीवर. कानाला लावलेला मोबाइल कितीतरी जवळ असतो.

पालकांची काळजी मात्र रास्त आहे. वर्गात मोबाइलमुळे लक्ष विचलित होतं, असं युनेस्कोचा 2023 चा अहवालही सांगतो. तिथे दोष नोटिफिकेशनचा, लहरींचा नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.