मनगटावर पट्टा बांधला म्हणून गोळी सुटत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ पुन्हा फिरत आलाय. एका तरुणीचा हात थरथरतो, कागदावरची रेघ नागमोडी जाते. मग मनगटावर घड्याळासारखं काहीतरी बांधतात आणि ती स्वतःचं नाव नीट लिहिते. खाली मजकूर: ‘कंपवात कायमचा बरा! गोळ्या बंद! औषध कंपन्या हे लपवतात.’ लगेच काकांचा प्रश्न, “कुठे मिळतं?”

व्हिडिओ खोटा नाही. एमा लॉटन या लंडनच्या ग्राफिक डिझायनरना २०१३ साली, वयाच्या २९व्या वर्षी कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झालं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या हायान झँग यांनी त्यांच्यासाठी हा पट्टा बनवला आणि २०१६मध्ये तो बीबीसीवर दिसला. खोट आहे ती खालच्या मजकुरात.

‘कायमचा बरा’ म्हणे. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. पट्ट्यात आहेत त्या छोट्या मोटारी, मोबाइल व्हायब्रेटवर गुरगुरतो तशा. त्यांनी मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शिवाय थरथर हे एकच लक्षण. हालचाली मंदावणं, अंग ताठरणं, तोल जाणं उरतंच. काही रुग्णांचा हात तर थरथरतच नाही.

आणि ‘गोळ्या बंद’? आमची आत्या रोज लेव्होडोपा ही कंपवातावरची गोळी घेते, म्हणून हे स्पष्टच लिहितो. ही गोळी अचानक थांबवली तर शरीर ताठरून जोराचा ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं.

ग्रुपवर एका भाच्याने लिहिलं, “तो पट्टा हात घट्ट धरून ठेवतो.” नाही रे बाबा. हात घट्ट धरला तर लिहिणार कसा? खरी मेख इथेच आहे: नको ती हालचाल थांबवायची आणि हवी ती होऊ द्यायची. आपण मुद्दाम करतो त्या हालचाली बहुधा सावकाश, सेकंदाला दोनच्या आत असतात. कंपवाताची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते. या फरकावर लिफ्टवेअर हा थरथरत्या हातांसाठीचा चमचा चालतो. सेन्सर थरथर ओळखतो, मोटार चमच्याचं टोक उलट दिशेला सरकवते. हात हलतच राहतो, सूप मात्र सांडत नाही. एमा यांच्या पट्ट्यात असं काहीच नाही. त्याच्या कंपनांनी मेंदू आणि स्नायू यांच्यातली बिघडलेली देवाणघेवाण विस्कटत असावी, असा अंदाज आहे. अंदाजच.

‘लपवतात’ या आरोपावर फार शाई खर्चायला नको. बीबीसीवर दाखवलेली गोष्ट लपवली कशी म्हणायची? मनगटावरून मज्जातंतूंना विजेचे सौम्य झटके देणाऱ्या ‘काला’ या कंपनीच्या उपकरणाला अमेरिकेत २०१८मध्ये रीतसर परवानगी मिळाली. तीही इसेन्शियल ट्रेमरसाठी, आणि आराम तात्पुरता.

इसेन्शियल ट्रेमर हा वेगळाच विकार. कंपवाताची थरथर सहसा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते. याची, कपातला चहा बशीत ओतताना. (पण एमा यांना कंपवात असूनही लिहितानाच त्रास होता, म्हणून घरच्या घरी निदान करू नये.) काकांचा चहा टेबलक्लॉथवर सांडतो, हात मांडीवर मात्र शांत असतो. त्यांना कंपवात आहे हे ठरवलं कुणी? त्यांनीच. मी म्हटलं, आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही. व्हिडिओ मात्र आणखी तिघांना पाठवलाय.